काटाबाईंचा आकडा

आमच्या कागद कारखान्याच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला वजनकाटा होता. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याला लागून एक केबिन आणि केबिनच्या छपरावर लाल आकड्यांची मोठी पाटी. रद्दीचे गठ्ठे भरलेला ट्रक प्लॅटफॉर्मवर चढला की त्याचं वजन त्या पाटीवर उमटायचं. रांगेतल्या शेवटच्या ड्रायव्हरलाही वाचता यावं, एवढे मोठे आकडे.

केबिनमध्ये बसून वजन घ्यायच्या त्या काटाबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. आम्ही कोणी वापरलं नाही. मी त्या काट्याचा फिटर. तो खरं बोलतो की नाही हे तपासणं एवढंच माझं काम. बाई मला मिस्त्री म्हणायच्या.

बावीस वर्षं त्या एकाच जागी बसल्या. खुर्च्या तीन मोडल्या, बाई त्याच. ट्रक आला की खिडकीतून ओरडायच्या, "मागे घे, पुढचं चाक बाहेर आहे!" त्यांचा आवाज गोदामापर्यंत जायचा, त्यामुळे त्यांना कुठे जावं लागत नसे. नंबर लवकर लागावा म्हणून ड्रायव्हर खिडकीतून काही ना काही आत सरकवायचे: बिस्किटांचे पुडे, तळलेलं काहीतरी, मिठाईचा खोका. नंबर तर लवकर कधीच लागायचा नाही, पण खोका परतही यायचा नाही. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. अंग वाढत गेलं. गुडघे दुखायला लागले. घरी नवरा शिंपी होता, त्यामुळे कपडे कधी घट्ट झाले नाहीत. गणवेशाचा खाकी कोट शिवताना तो शिलाईत दोन-दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी उसवून वाढवून द्यायचा. वजन वाढल्याचं सांगायला घरात आरसा सोडून कोणी नव्हतं, आणि आरशात त्या खांद्यापर्यंतच दिसायच्या.

मग नवीन साहेब आले. वय पस्तीसच्या आत, हातात सतत फाइल. रद्दी जड व्हावी म्हणून काही व्यापारी गठ्ठ्यांत पाणी मारतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नियम काढला: काट्यावरच्या माणसाने प्रत्येक भरल्या ट्रकवर मागच्या शिडीने चढायचं, वरच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून ओल बघायची आणि मगच पावती द्यायची. नियम चुकीचा नव्हता, हे मलाही मान्य. पण शिडीला सात पायऱ्या होत्या, आणि कामावर बाईंनी बावीस वर्षांत केबिनच्या दोन पायऱ्यांपलीकडे काही चढलेलं नव्हतं.

साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "चार महिने देतो. जमलं तर ठीक. नाहीतर गोदामात रद्दीतल्या टाचण्या वेचायचं काम आहे. बसून करायचं आहे, त्रास नाही."

"बावीस वर्षं बसूनच काढली साहेब," बाई म्हणाल्या. "आता तरी बसायला सांगू नका."

काटा म्हणजे त्यांचं राज्य होतं. त्यांनी दिलेल्या पावतीवर कुठल्या व्यापाऱ्याने कधी वाद घातला नव्हता. तो काटा जाणार आणि हाती टाचण्या येणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला अशा वेळी शब्द सापडत नाहीत.

दुसऱ्या सकाळी प्लॅटफॉर्मवर चिखल होता आणि झाडणारा आला नव्हता. बाई झाडू घेऊन स्वतःच उतरल्या. मधोमध पोचल्या आणि वरच्या पाटीवर लाल आकडा उमटला: ११०.

रांगेत नऊ ट्रक होते. त्यात भोंगा होता. या ड्रायव्हरच्या ट्रकला हॉर्नची गरज नाही असं सगळे म्हणायचे.

"अरे, ओव्हरलोड!" भोंगा ओरडला. "काटाबाई, पावती कोण फाडणार?"

"गाडी रिकामी करून या आधी!" दुसरा म्हणाला.

हशा झाला. मी केबिनच्या दारात उभा होतो. मशीनचं बटण दाबून आकडा घालवता आला असता. मला ते सुचायला उशीर झाला, आणि सुचलं तेव्हा हात पुढे झाला नाही. त्याची लाज मला अजून आहे.

बाई झाडत राहिल्या. पूर्ण प्लॅटफॉर्म झाडून झाल्यावर झाडू टेकवून परत मधोमध येऊन उभ्या राहिल्या. मान वर करून आकडा वाचला आणि रांगेकडे तोंड केलं.

"नीट बघून घ्या सगळ्यांनी. एकशे दहा. भोंग्या, तू पण बघ, तुझं पाठांतर कच्चं आहे. हा आकडा मी इथेच, तुमच्यासमोर खाली आणणार. दर सोमवारी पहिल्या ट्रकच्या आधी मी इथे उभी राहणार. हसायचं असेल त्याने वेळेवर यावं."

त्या केबिनमध्ये आल्या. मी धीर करून म्हणालो, "बाई, एक सांगू? तो आकडा खरा नाही."

"म्हणजे?"

"हा ट्रकचा काटा आहे. दहा-दहा किलोच्या टप्प्याने बोलतो. एकशे पाच असलं तरी एकशे दहा दाखवणार आणि एकशे चौदा असलं तरी एकशे दहाच."

"मग माझं खरं किती?"

काटा तपासताना आम्ही एक करतो. प्लॅटफॉर्मवर ओझं ठेवायचं आणि त्याच्या शेजारी एक-एक किलोची तपासणीची वजनं मांडत जायचं. आकडा जिथे पुढच्या दहावर उडी मारतो, तिथून मागे मोजलं की ओझ्याचं खरं वजन कळतं. बाईंना पुन्हा उभं केलं. पहिलंच पितळी वजन त्यांच्या पायाशी ठेवलं आणि पाटीवर १२० उमटलं.

"एकशे चौदा," मी हळूच म्हणालो.

"म्हणजे काटा माझी बाजू घेत होता," बाई म्हणाल्या. "घेऊ दे. पण मिस्त्री, पुढच्या सोमवारपासून हे मोठ्याने सांगायचं. कुजबुजायचं नाही."

घरात ठेवायचा छोटा काटा आणा असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी मान हलवली. "घरच्या काट्यावर मी एकटीच बघणार. एकटीला तर मी रोज फसवते."

सुरुवात त्यांनी कामातूनच केली. खिडकीतून ओरडणं बंद. ट्रक चढला की स्वतः केबिनमधून उतरायचं, मागच्या चाकापर्यंत चालत जायचं, चाकं आत आहेत का बघायचं, परत यायचं, वजन घ्यायचं आणि पावती ड्रायव्हरच्या हातात नेऊन द्यायची. एका ट्रकला सव्वाशे पावलं, दिवसाला पन्नास-साठ ट्रक. पहिल्या आठवड्यात दुपारनंतर त्या केबिनच्या दाराला धरून उभ्या राहायच्या आणि मी दुसरीकडे बघायचो, कारण कोणी बघितलेलं त्यांना चाललं नसतं.

ड्रायव्हर वैतागले. "बाई, तुमच्या फेऱ्यांत आमचा दिवस चाललाय!"

"मग चाकं एका फटक्यात नीट लाव. मला परत यायला लागणार नाही."

दोन आठवड्यांत सगळ्यांची चाकं एका फटक्यात लागायला लागली.

बिस्किटांचा डबा त्यांनी रिकामा केला आणि त्यात पावतीपुस्तकं ठेवली. कोणी पुडा सरकवला तर त्याच हाताने परत. चहा सहावरून एकावर आला, चारचा, पण त्यात साखर दोन चमचे तशीच. मी बघतोय हे बघून म्हणाल्या, "एक तरी गुन्हा हातात ठेवला पाहिजे. नाहीतर माणूस सगळेच करायला लागतो." डब्यात भाजी वाढली, भात अर्धा झाला. घर तिसऱ्या मजल्यावर. उतरल्यावर एखादी वस्तू विसरल्याचं निमित्त करून त्या पुन्हा चढायच्या. शेजारीण म्हणाली, "तुमची स्मरणशक्ती फारच गेली हो." बाईंनी ते हसत सांगितलं मला.

संध्याकाळी नवऱ्याच्या दुकानात कापडाच्या फळीला लावलेल्या लाकडी शिडीवर त्या चढण्याचा सराव करायच्या. नवरा मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "अगं, शिडी मोडली तर कापडाची ठाणं कोण उतरवणार?"

"मी तुम्हाला उचलून वर ठेवीन," बाई म्हणायच्या.

सोमवार ठरलेला असे. बाई मधोमध उभ्या. मी वजनं मांडायचो आणि आकडा हलेपर्यंत मोठ्याने मोजायचो. जितकी जास्त वजनं मांडावी लागतील, तितक्या बाई हलक्या. मला मोठ्याने बोलायची सवय नाही, पहिल्या सोमवारी घशातून आवाजच निघेना, तर भोंगा मागून म्हणाला, "मिस्त्री, तोंडात वजन ठेवलंय काय?" पण हळूहळू जमलं. तिसऱ्या सोमवारी तीन वजनं लागली. पाचव्या सोमवारी पाच. पाटीवर मात्र तोच आकडा, ११०, महिनाभर.

"काटा अडकलाय की बाई अडकल्यात?" भोंग्याचा नेहमीचा प्रश्न.

"तुझा ट्रक निघेपर्यंत दोघं सुटू," बाई म्हणायच्या.

सातव्या आठवड्यात नवरा तापाने आजारी पडला. बाई आठवडाभर रात्री जागल्या, दिवसा हाताला लागेल ते खाल्लं, फेऱ्या निम्म्यावर आल्या. सोमवारी आदल्या वेळी सहा लागलेली वजनं चारवर आली. चौथ्या वजनाला आकडा उडाला. मी पाचवं वजन हातात धरून ठेवलं, जणू अजून ठेवायचंय.

"मिस्त्री, काय झालं? मोजा."

"चार," मी पुटपुटलो.

"ऐकू येत नाही."

"चार!"

रांगेतून कोणीतरी शीळ घातली. बाई तिकडे वळल्या. "वाढले दोन किलो. लपवायचे असते तर आज आलेच नसते. पुढच्या सोमवारी परत बघा." आणि त्या दिवशी त्यांनी पावती द्यायला जाताना ट्रकला एकाऐवजी दोन वेढे घातले. रागाने चालल्या त्या. रागात माणूस इतकं सरळ चालतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

नवरा बरा झाल्यावर कोट लहान करायची वेळ आली. पण त्याने पक्की शिलाई मारली नाही; बाजूंनी हाताने लांब लांब कच्चे टाके घातले. माया आत तशीच दुमडलेली. "दोन महिन्यांनी परत उसवायला लावशील," तो म्हणाला. "माझं डोकं आणि दोरा दोन्ही वाचतात." बाईंना ते लागलं. केबिनमध्ये येऊन मला टाके दाखवले आणि म्हणाल्या, "शिंपी आहे, पण माझं माप याला अजून घेता येत नाही."

अकराव्या सोमवारी नऊ वजनं लागली. एकशे सहा. म्हणजे अजून थोडं, आणि पाटीवर थेट १०० उमटणार होतं. बाई हसत उतरल्या, ट्रक चढायला लागले, आणि त्या घाईत माझ्या हातून चूक झाली.

नऊ वजनं प्लॅटफॉर्मच्या कडेलाच राहिली. मी न उचलता आत गेलो. प्लॅटफॉर्म रिकामा असताना पाटीवर दहाचा आकडा दिसला. चिखल असला की तो नेहमीच दिसतो, म्हणून बाईंनी सवयीने बटण दाबून शून्य केला. थोड्या वेळाने मला आठवलं. ट्रक उभे असतानाच मी कडेने गेलो आणि वजनं उचलून आणली. ती उचलताच मशीनच्या शून्यातून तेवढा भार गेला, आणि त्यानंतरचा प्रत्येक ट्रक दहा किलो कमी दाखवू लागला. ट्रकला ट्रक लागून होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही. रांग संपली, प्लॅटफॉर्म रिकामा झाला, तेव्हा पाटीवर दिसलं: उणे दहा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या वजनांकडे. एका बटणाने ते उणे दहा पुसता आलं असतं. तीन ट्रक आत गेले होते, पंचवीस टनांत दहा किलो कोणी शोधलेही नसते.

बाई गोदामाकडे निघाल्या. चालत नाही, जवळजवळ धावत. तीन महिन्यांपूर्वी त्या तिथपर्यंत पोचल्याही नसत्या. गठ्ठे उतरवणं थांबवलं, दोन ट्रक परत फिरवून पुन्हा तोलले. तिसरा अर्धा उतरला होता, त्याच्या पावतीवर चूक लिहून सही केली. तो भोंग्याचा होता. भोंग्याने पावती घडी करून खिशात घातली.

रांग फाटकाबाहेर गेली. साहेब आले. "दहा किलोसाठी एवढा गोंधळ?"

"आज दहा सोडले तर उद्या माझ्या पावतीला कोण विचारणार?" बाई म्हणाल्या.

"चूक माझी आहे साहेब," मी म्हणालो. आयुष्यात साहेबासमोर एवढं सलग वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन.

"कोणाचीही असो. हा सोमवारचा खेळ बंद. यापुढे काट्यावर माणूस उभा राहणार नाही. आणि बाई, शिडीची तारीख लक्षात आहे ना?"

"आहे."

पुढचे पाच आठवडे आकडा नव्हता. मला वाटलं, आता बाई थांबतील. बघणारं कोणी नसेल तर माझ्यासारखा माणूस नक्की थांबला असता. मागच्या खोलीत गुपचूप एक छोटा काटा आणून ठेवतो म्हणालो, तर म्हणाल्या, "गुपचूप नको. आकडा दिसत नाही म्हणून पाय चालायचे थांबत नाहीत." ट्रकमागे ट्रक, सव्वाशे पावलं, चारचा एक चहा. सोमवारी मात्र सकाळी प्लॅटफॉर्मच्या कडेला, बरोबर रेषेबाहेर, मिनिटभर उभ्या राहायच्या. ड्रायव्हर हसायचे नाहीत. एक म्हणाला, "बाई, अंदाजे सांगा की." बाई म्हणाल्या, "अंदाजावर पावती देत नाही मी."

ठरलेल्या दिवशी साहेब फाइल घेऊन आले. काट्यावर ट्रक होता भोंग्याचा. रांगेतले सगळे खाली उतरून उभे. बाईंच्या अंगात तोच कच्च्या टाक्यांचा कोट, खाली नवऱ्याने खास शिवलेली ढगळ पँट.

पहिल्या तीन पायऱ्या चढल्या. चौथीवर थांबल्या, श्वास घेतला. कोणीतरी "चला, चला" म्हणालं, तेव्हा म्हणाल्या, "मी काय बैल आहे?" पाचवी, सहावी, सातवी, आणि गुडघ्यावर गठ्ठ्यांवर. बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, बोटं चोळून बघितली.

"कोरडी आहे. भोंग्या, तुझ्या बोलण्यापेक्षा रद्दी खरी निघाली."

सगळे हसले, भोंगाही. मग बाई उतरायला कडेशी आल्या आणि थांबल्या.

दुकानातल्या शिडीवरून त्या कधी पलीकडे गेल्याच नव्हत्या. वर जायचं, तसंच खाली यायचं. इथे मात्र उंचावर पाठ फिरवून, न दिसणाऱ्या पायरीवर पाय टाकायचा होता. तो सराव आम्हा कोणालाच सुचला नव्हता. त्यांनी दोनदा पाय पुढे केला आणि मागे घेतला.

"उतरणंही कामातच येतं बाई," साहेब खालून म्हणाले. "मशीन मागवू का उतरवायला?"

"कोणी वर यायचं नाही. काही मागवायचं नाही." बाई गठ्ठ्यावर नीट मांडी घालून बसल्या. "मिस्त्री! मी दम घेतेय तोवर वजन घ्या."

पाटीवर आकडा स्थिर झाला: २४६८०.

"माणूस काट्यावर नको असं मी सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"मी काट्यावर कुठे आहे? मी ट्रकवर आहे. तुमच्याच नियमाने."

साहेबांनी फाइल उघडली आणि मिटली. तेवढ्यात भोंगा शिडीखाली आला. त्याचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बाई, पालथ्या पडा. पोटावर. आता पाय खाली सोडा. अजून थोडं. लागली पायरी? आता बघू नका, मी सांगतो."

बाई पालथ्या झाल्या. कोटाचे कच्चे टाके एका बाजूने टरकन उसवले, सगळ्यांना ऐकू गेलं. पाय पायरीला लागला. दुसरा. सात पायऱ्या, प्रत्येकीवर शिवी. जमिनीवर आल्या, कोट हाताने धरला, आणि कोणाकडे न बघता प्लॅटफॉर्मच्या रेषेबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मगच वर पाहिलं.

२४५८०.

वजाबाकी आधी भोंग्याने केली. "शंभर! शंभर!" सगळ्या रांगेने हॉर्न वाजवले. मी बाईंजवळ जाऊन म्हणालो, कारण न सांगणं मला जमत नाही, "बाई, यात थोडं इकडेतिकडे असू शकतं."

"उद्या सांगा मिस्त्री. आज गप्प बसा."

काटा बाईंकडेच राहिला. दुसऱ्या सकाळी त्या पहिल्या ट्रकच्या आधी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पाटीवर १०० उमटलं. साहेबांच्या खिडकीचा पडदा हलला, पण कोणी बाहेर आलं नाही. मी वजनं मांडली आणि मोठ्याने मोजली: एक, दोन, तीन. आकडा उडाला.

"एकशे दोन!" मी ओरडलो.

"ऐकलंत?" बाई रांगेला म्हणाल्या. "अजून दोन फसवणूक आहे. आता नव्वद दाखवते. भोंग्या, पाठ कर."

तिन्ही वजनं त्या दिवशी मी मोजून उचलली. ती पुसायला त्यांनी पिशवीतून खाकी कापडाच्या दोन लांब पट्ट्या काढून दिल्या.

"ह्या कसल्या?"

"कोटातली माया. काल रात्री नवऱ्याला म्हटलं, पक्की शिलाई मारा आणि हे कापून टाका. म्हणाला, परत वाढलीस तर? म्हटलं, तर तुम्ही नवा कोट शिवा. हा आता वाढणार नाही." त्या दार उघडून पायऱ्या उतरल्या, कारण ट्रक चढत होता. "कात्री धरून पाच मिनिटं बसला होता. शेवटी मीच कापलं."